नेमकं कुठं दुखतंय?



एका डॉक्टरांच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत शरीररचनाशास्त्राच्या शिक्षिकेला बोलावलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या विषयाची लोकांना थोडी धास्ती असते. ही बाई आता दोनशे सहा हाडांची नावं म्हणून दाखवणार, असं वाटतं. तसं काही करणार नाही. मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. दवाखान्याच्या बाकावरून उठून डॉक्टरांसमोर बसलात की तो सगळ्यात आधी विचारला जातो: कुठं दुखतंय?

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात सकाळी तासभर बसून पाहा. एक जण म्हणतो, ‘पोटात दुखाय लागलंय.’ त्याच्या मागची बाई म्हणते, ‘होट्टे नोवु.’ तिसरा म्हणतो, ‘पेट दुखरा.’ डॉक्टर या तिघांची नोंद चौथ्याच भाषेत करतात. तिला आपण इंग्रजी म्हणतो, पण त्या नोंदीतले कितीतरी शब्द लॅटिन आणि ग्रीक असतात. रोगी पुढं कोल्हापूरला, मिरजेला किंवा बेळगावला गेला की तिथला डॉक्टर ती नोंद वाचतो आणि पुन्हा रोग्याच्या भाषेत विचारतो. एवढ्या भाषांतून जाताना दुखण्याची जागा बोटभरही सरकता कामा नये. शरीराच्या प्रदेशांना नावं दिली आहेत ती यासाठी. ही नावं आणि त्यामागची रीत डॉक्टरांइतकीच रोग्यालाही ठाऊक हवी, आणि तीन भाषांत जगणाऱ्या सीमाभागाला तर तिची अधिकच गरज आहे. आजच्या व्याख्यानात मला एवढंच सांगायचं आहे.

पोटापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे.

डॉक्टर पोटावर मनातल्या मनात चार रेघा ओढतात. दोन उभ्या, दोन आडव्या. उभ्या रेघा दोन्ही बाजूंच्या गळ्याखालच्या हाडाच्या मध्यावरून जांघेच्या मध्यापर्यंत उतरतात. पहिली आडवी रेघ बरगड्यांच्या खालच्या कडेला टेकते. दुसरी कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर पुढच्या बाजूला दोन्हीकडे जे उंचवटे लागतात, त्यांना जोडते. झाली नऊ घरं. वरच्या ओळीत उजव्या बरगडीखालचं, मधल्या खळगीचं आणि डाव्या बरगडीखालचं. मधल्या ओळीत उजवी कूस, बेंबीभोवतीचं आणि डावी कूस. खालच्या ओळीत उजव्या जांघेच्या वरचं, ओटीपोटाचं आणि डाव्या जांघेच्या वरचं. आपल्या आज्यांना यातलं प्रत्येक घर माहीत होतं. कूस, बेंबी, ओटीपोट, जांघ हे शब्द त्यांच्या तोंडात होते. कन्नडमध्ये पक्के, होक्कळ, किब्बोट्टे तितकेच नेमके आहेत. पण दवाखान्यात गेलं की या सगळ्यांचं ‘पोट’ होऊन जातं. डॉक्टरांसमोर घरचे शब्द वापरणं अडाणीपणाचं ठरेल, असं माणसांना वाटतं. खरं तर तेच शब्द डॉक्टरांना हवे असतात.

अपेंडिक्सचं उदाहरण घ्या. पहिल्या काही तासांत दुखतं ते बेंबीभोवती. मुलगा सांगतो, ‘इथं, मधी.’ आई ओवा देते. पुढं दुखणं हळूहळू उजव्या जांघेच्या वरच्या घरात उतरतं आणि एका जागी ठाण मांडतं. कारण असं की अपेंडिक्सकडून निघालेल्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोचतात, त्याच पातळीवर बेंबीच्या कातडीच्या संवेदना येतात. आतड्याची जागा मेंदूला नीट ओळखू येत नाही, म्हणून तो बेंबीकडे बोट दाखवतो. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मात्र नेमकी जागा कळते, कारण त्या अस्तराच्या नसा कातडीच्या नसांसारख्याच चोख असतात. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ती जागा सांगून ठेवली. उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत सरळ रेघ धरायची आणि हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवायचं. ‘आधी बेंबीपाशी होतं, आता उजवीकडं खाली उतरलंय’ एवढं एक वाक्य आईने सांगितलं, तर निम्मं निदान तिनेच केलं असं मी म्हणेन.

मुतखडा वेगळ्या वाटेनं जातो. तो पाठीकडून कुशीत आणि कुशीतून जांघेत उतरतो. पित्ताशयाचं दुखणं उजव्या बरगडीखाली सुरू होऊन पाठीत उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातं. आणि वरच्या ओळीतल्या मधल्या घराबद्दल मला हात जोडून सांगायचं आहे. दोन्हीकडच्या बरगड्या जिथं मिळतात त्याखालच्या खळगीत जळजळतं, दाटतं, मळमळतं, तेव्हा आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो. बहुतेक वेळा पित्तच असतं. पण हृदयाचा तळ या खळगीच्या वर, मधल्या पातळ पडद्यापलीकडे टेकलेला असतो. हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका पुष्कळदा याच जागी जाणवतो. घाम फुटला, दम लागला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, तर सोडा पिऊन वाट पाहायची नाही. दुखण्याची जागा कशी दाखवली जाते तेही पाहावं. हृदयाचा रोगी सहसा एक बोट ठेवत नाही. तो मूठ किंवा पूर्ण पंजा छातीच्या मधोमध धरतो. म्हणून दवाखान्यात ‘कुठं?’ असं विचारलं की नुसतं तोंडाने सांगू नका, हाताने दाखवा. बोट की पंजा, यातही डॉक्टरांना उत्तर मिळतं.

ही प्रदेशांची वाटणी पाश्चात्त्यांनी आणली, असं कुणाला वाटत असेल तर सुश्रुताचं शारीरस्थान उघडून पाहावं. तिथं शरीराची सहा अंगं सांगितली आहेत: चार शाखा म्हणजे हातपाय, मधलं धड आणि डोकं. मर्मं १०७, आणि तीही प्रदेशवार मोजलेली. हातापायांत ४४, पोट आणि छातीत १२, पाठीत १४, मानेत आणि डोक्यात ३७. शव गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालायचं, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने एकेक थर हळूहळू घासून काढत आत पाहायचं, अशी रीतही तिथं आहे. मला त्यातली मोठी गोष्ट वाटते ती अशी की शस्त्र धरू पाहणाऱ्याने शरीर स्वतः पाहिलं पाहिजे, हा सुश्रुताचा आग्रह. पुढच्या शतकांत तो आपल्याकडे मागे पडला. कोलकात्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्तांनी शवाला शस्त्र लावलं, ते साऱ्या देशात गाजलं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं, आणि १८६१ च्या सुमारास तिथं मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्गही निघाला. आपल्या बाजूला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभारलं, आणि कृष्णेच्या दोन्ही काठांवरचे मराठी आणि कन्नड रोगी एकाच दारात येऊ लागले.

युरोपात तरी सगळं आधीपासून नीट होतं असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं शरीराच्या भागांची सुमारे ५० हजार नावं चलनात होती. एकाच नसेला जर्मनीत एक नाव, फ्रान्समध्ये दुसरं, आणि शोधणाऱ्याच्या आडनावाने तिसरं. १८९५ मध्ये बाझेल इथं शरीररचनाशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी ती यादी साडेपाच हजारांच्या आसपास आणली. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या कविराज गणनाथ सेनांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ लिहून आधुनिक शरीररचनेला संस्कृत नावांची चौकट दिली. आयुर्वेद महाविद्यालयांत त्या वळणाचे शब्द अजून शिकवले जातात, बेळगावातही. म्हणूनच यकृत, हृदय, मूत्रपिंड ही नावं मराठी मुलालाही कळतात आणि कन्नड मुलालाही. पाट्यांच्या भाषेवरून आपल्याकडे काय काय झालंय ते तुम्ही सगळे जाणता. शरीराच्या आतल्या पाट्यांवर मात्र दोन्ही भाषांत बरीचशी एकच नावं आहेत, आणि मला तो मोठा आधार वाटतो.

आता रीत. वर, खाली, पुढं, मागं हे शब्द घरात चालतात, पण शरीर वळतं, झोपतं, वाकतं. म्हणून जगभरच्या शरीररचनाशास्त्राने एक उभं राहणं ठरवून टाकलं आहे. माणूस ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढं. रोगी खाटेवर पालथा असो की खुर्चीत, वर्णन करायचं ते याच उभं राहण्याला धरून. तंबाखूच्या वखारीत डोक्यावर बोद पेलणारा हमाल आठवा. त्याचं मनगट त्या वेळी कोपराच्या वर असतं. तरी शास्त्राच्या भाषेत कोपर धडाला समीपस्थ आणि मनगट दूरस्थच राहतं, कारण हात जिथून फुटला त्या मुळापासूनचं अंतर बदलत नाही. शरीराच्या मधोमध उभी रेघ धरली, तर तिच्याकडची बाजू अभिमध्य आणि तिच्यापासून लांबची पार्श्व. तळवे पुढं असल्यामुळे अंगठा बाहेरच्या, म्हणजे पार्श्व बाजूला येतो आणि करंगळी आतल्या. तळवे पुढं ठेवायची अट नसती, तर हात फिरवला की अंगठ्याची बाजू बदलली असती आणि वर्णनाला काही अर्थ उरला नसता.

आणि उजवं-डावं नेहमी रोग्याचं, पाहणाऱ्याचं नव्हे. सीटी स्कॅनची फिल्म हातात येते तेव्हा रोग्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला असते, कारण ते काप रोग्याच्या पायाकडून पाहिल्यासारखे मांडतात. शस्त्रक्रियेत बाजू चुकू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तपासणी यादी काढली. भूल देण्याआधी आणि चिरा देण्याआधी रोगी कोण, शस्त्रक्रिया कुठली आणि जागा कुठली हे मोठ्याने बोलून पडताळायचं, जागेवर आधीच खूण करायची, असं त्यात आहे. तुमच्या घरच्या माणसाला शस्त्रक्रियेसाठी नेत असतील तर खूण झाली का, हे विचारायला मुळीच संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.

निपाणीत बोलायचं आणि विडी वळणाऱ्या हातांबद्दल बोलायचं नाही, असं माझ्याने होणार नाही. मांडीवर सूप, एका हातात पान, मान खाली, पाठ वाकलेली, आणि मजुरी हजार विड्यांवर. या बायका दवाखान्यात येतात आणि म्हणतात, ‘बाई, हाताला मुंग्या येत्यात.’ माझ्या विषयाचं सगळं सामर्थ्य त्यापुढच्या एका प्रश्नात आहे: कुठल्या बोटांना?

अंगठा, त्याशेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग, एवढ्यालाच मुंग्या असतील तर मनगटात हाडं आणि जाड पट्टा यांच्यामधल्या बोगद्यातून जाणारी नस दाबली जात असते. रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग बधिर असेल तर दोष दुसऱ्या नसेत असतो. ती कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून जाते. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या तिच्याच. याच नसेला कुष्ठरोगही गाठतो. तिथं ती जाड होते, करंगळीची संवेदना जाते आणि उपचार न झाल्यास बोटं आत वळतात. कुष्ठरोगावर औषध आहे, त्याने रोग बरा होतो, पण गेलेली नस परत आणणं फार कठीण. आणि मुंग्या मानेतून खांद्यावर, दंडावरून खाली येत असतील तर दोष मानेच्या मणक्यांत शोधावा लागतो. सहाव्या मानेच्या नसेवर दाब असेल तर त्रास अंगठ्याकडे जातो, सातवीवर असेल तर मधल्या बोटाकडे, आठवीवर असेल तर करंगळीकडे. एका अनामिकेच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या नसा वाटून गेल्या आहेत, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवलं आणि दरवर्षी मला त्याचं नवल वाटलं. यंत्र नसलेल्या खेड्यातला डॉक्टर एवढ्यावरून रोगाच्या दारापर्यंत पोचतो. अट एकच: बाईने ‘हाताला’ न म्हणता बोट दाखवायचं.

कंबर हाही असाच ऐसपैस शब्द आहे. पाठीचा खालचा भाग, कूस, खुबा, कुल्ला, सगळ्याला कंबरच म्हणतात. कन्नडमधलं सोंट तसंच. खुब्याचं दुखणं खरं तर जांघेत जाणवतं, आणि लहान मुलांत तर ते पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, कारण दोन्ही सांध्यांकडे जाणाऱ्या नसांचं मूळ एकच आहे. मूल लंगडत असेल, गुडघा दुखतो म्हणत असेल आणि गुडघा पाहावा तर ठणठणीत असेल, तर खुबा तपासून घ्या. या एका वाक्यासाठी कुणी आजचं व्याख्यान लक्षात ठेवलं तरी मला पुरे.

आता एका अवघड जागेकडे येते. बायका बेंबीपासून गुडघ्यापर्यंतच्या सगळ्याला ‘खाली’ म्हणतात. लघवीची जागा, योनिमार्ग, गुदद्वार ही तीन वेगळी द्वारं. त्यांची दुखणी वेगळी, डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी. पण सांगताना ती सगळी एका ‘खाली’त बुडून जातात. गर्भाशय खाली सरकून बाहेर येऊ लागलं की ‘अंग बाहेर येतंय’ म्हणतात, आणि तेही वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. वाकून, बसून, ओझी उचलून काम करतच राहतात. छातीचंही तेच. ‘छातीत दुखतं’ म्हणणारी आक्का हृदयाबद्दल सांगते आहे, बरगडीबद्दल की स्तनाबद्दल, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि समोर पुरुष डॉक्टर असला तर विचारणारा आणि सांगणारी दोघंही थांबतात.

स्तन हाही नकाशा असलेला प्रदेश आहे. त्याचे चार भाग मानतात: वरचा बाहेरचा, वरचा आतला, खालचा बाहेरचा, खालचा आतला. वरच्या बाहेरच्या भागातून एक पदर काखेत शिरतो. ग्रंथी या वरच्या बाहेरच्या भागातच सगळ्यात जास्त आणि कर्करोगाच्या निम्म्याच्या आसपास गाठी तिथंच निघतात. डॉक्टर गाठीची जागा घड्याळाच्या आकड्याने लिहितात, जसं उजवा स्तन, दहाच्या आकड्यावर, स्तनाग्रापासून इतके सेंटिमीटर. घरी हात लागलेली गाठ बाईने याच रीतीने सांगितली तर तपासणाऱ्याचा हात थेट तिथं जातो. काखेतली गाठ ‘केस तोडल्यामुळं आली असंल’ म्हणून सोडून देऊ नये. माझ्या बहिणींनो, हे शब्द उच्चारायला लाज वाटते, मला कल्पना आहे. पण शरीराच्या ज्या भागाचं नाव आपण घेत नाही, त्याच्याकडे शेवटच्या टप्प्यापर्यंत कुणी पाहत नाही.

ही नावं आम्ही शिकतो ती मृत माणसांकडून. पहिल्या वर्षाचं विच्छेदन अजूनही प्रदेशाप्रदेशाने चालतं: हात, पाय, छाती, पोट, मग मान आणि डोकं. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ मध्ये सुरू झालं. त्याआधीच, बेळगाव मुंबई राज्यात असताना, १९४९ मध्ये मुंबईचा शरीररचना कायदा झाला होता, आणि राज्यपुनर्रचनेनंतर १९५७ मध्ये कर्नाटकाचा आला. बेवारस देह शिक्षणासाठी मिळावेत, हा या कायद्यांचा एक हेतू. पण स्वेच्छेने दिलेल्या देहाची थोरवी वेगळीच. आपल्याच जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे वैद्य डॉ. रामण्णवर २००८ मध्ये वारले. आपला देह शिक्षणाला द्यावा आणि विच्छेदन मुलानेच करावं, अशी त्यांची इच्छा होती. मुलगा डॉ. महांतेश रामण्णवर हे बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनेचे अध्यापक. २०१० च्या नोव्हेंबरात त्यांनी विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहावर शस्त्र धरलं. माझ्या विषयाच्या शिक्षकाला याहून कठीण तास घ्यावा लागला असेल असं मला वाटत नाही. बाप आणि मुलगा दोघांनाही मी या व्यासपीठावरून नमस्कार करते.

आता माझी मागणी. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, विडी कामगारांच्या दवाखान्यांत आणि शाळांत एक तक्ता लागावा. त्यावर बाई आणि पुरुष दोघांची पुढून आणि मागून अशी चित्रं. ‘उजवी’ आणि ‘डावी’ त्या चित्रातल्या माणसाच्या बाजूने लिहिलेली. पोटाची नऊ घरं आखलेली. बेंबीखालचा भाग झाकलेला नको. प्रत्येक भागाला मराठी, कन्नड आणि उर्दू शब्द, आणि तेही घरात बोलतात ते: कूस, पक्के, ओटीपोट, किब्बोट्टे, मानगूट, खुबा, पोटरी, नडगी. आशाताईंना हा तक्ता हातात धरून घरोघरी विचारता यावं. चित्रं काढून घेण्याची आणि शास्त्र तपासण्याची जबाबदारी मी घेते. शब्द ठरवायला मात्र त्या त्या भाषेत घरी बोलणारी माणसं हवीत, आणि त्यातल्या निम्म्या तरी विडी वळणाऱ्या बायका हव्यात. ज्यांना या कामाला यायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर संयोजकांकडे नाव द्यावं.